नेपल्सचा भोपळा जपानात कसा टिकला? (राफाएले कालाचे आणि मँडोलिन)

खुंटीपिळ्या

नागोयात तीन वर्षं नोकरी करून परत आलो तेव्हा विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझी एक पेटी उघडायला लावली. आत मँडोलिन. त्याने ते उलटं केलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "याला एवढं पोट कशाला?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. त्यानंतर सहा महिने वाचतोय, ऐकतोय. जे हाती लागलं ते इथे टाकतो, जाणकारांनी चुका काढाव्यात.

आपल्याकडे मँडोलिन म्हटलं की सपाट पाठीचं डोळ्यासमोर येतं, नाहीतर यू. श्रीनिवास यांचं पाच तारांचं इलेक्ट्रिक. अमेरिकेतही सपाटच, फार तर किंचित फुगीर. पण जपानात कुठल्याही विद्यापीठाच्या मँडोलिन क्लबचा कार्यक्रम बघा, रंगमंचावर ओळीने सगळी पोटवाली, थेट नेपल्सच्या घाटाची. मागून बघाल तर तंबोऱ्याचा छोटा भोपळाच.

माझ्या टीममध्ये एक सीनियर होते, पन्नाशी उलटलेले, ऑफिसात दिवसाला चार वाक्यं बोलणारे. एकदा त्यांनी मला त्यांच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मैफिलीला नेलं. साठेक माणसं: पहिलं मँडोलिन, दुसरं मँडोलिन, एक सप्तक खालचा मँडोला, त्याखाली मँडोचेलो, गिटारी, डबल बास आणि समोर छडीवाला कंडक्टर. हे गृहस्थ पहिल्या रांगेत. मांडीवर घसरू नये म्हणून रबरी जाळीचा तुकडा अंथरलेला, डावा पाय छोट्या पाटावर, बोटांत कासवाच्या कवचाचं बदामी आकाराचं पिक (तार छेडायची नखी). परतताना ट्रेनमध्ये मी विचारलं, सगळ्यांची वाद्यं एकाच घाटाची कशी? त्यांनी फक्त एक नाव सांगितलं. कालाचे.

तर राफाएले कालाचे. जन्म १८६३, नेपल्स. आजोबा निकोला यांनी १८२५ मध्ये वाद्यं बनवायला सुरुवात केली, वडील अंतोनिओही वाद्यकारच. राफाएले कारखान्यात वाढले, शिवाय नेपल्सच्या संगीत विद्यालयातून सन्मानाने उत्तीर्ण झाले. म्हणजे एकाच माणसात तीन माणसं: वाजवणारा, लिहिणारा, बनवणारा. सुमारे २०० रचना, त्यांत मँडोलिन आणि पियानोसाठी दोन कंचेर्तो (ओपस ११३ आणि १४४), एकट्या मँडोलिनसाठी प्रेल्यूड, आणि नवशिक्याला बोट धरून वरच्या पडद्यांपर्यंत नेणारी अनेक खंडांची मेथड. १९२४ च्या अखेरीस, वयाच्या साठीत, हे जपानला गेले. टोकियो तेव्हा १९२३ च्या महाभूकंपातून सावरत होतं. तिथे त्यांच्या मैफिली झाल्या आणि युवराज हिरोहितो, जे तेव्हा आजारी वडिलांच्या जागी राजप्रतिनिधी म्हणून काम बघत होते, त्यांच्यासमोरही ते वाजवून आले.

माझं म्हणणं असं, की पोट जपानात टिकलं ते या माणसामुळे. मँडोलिन अमेरिकेतही इटालियन लोकांनीच नेलं, पण तिथे वीस-पंचवीस वर्षांत त्याचा घाट बदलला. जपानात शंभर वर्षांत बदलला नाही. पटतंय का बघा.

भर_दुपारी

वाचतोय. पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).
शीर्षक वाचून आधी वाटलं, 'काला' नावाच्या कुणाचं तरी मँडोलिन! मग कळलं आडनावच कालाचे. आता कालाचेंचं म्हणायचं की कालाचेचं?

खुंटीपिळ्या

@भर_दुपारी, मोठा माणूस आहे, 'कालाचेंचं' म्हणू. गोकुळाष्टमीशी संबंध नाही.

घोडी_आणि_जवारी

धागा छान, पण भोपळा म्हणू नका हो. माझं बालपण मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलंय, कान लगेच टवकारतात. आपल्या सतारीचा भोपळा खरा भोपळा, वेलीवर वाढलेला, पंढरपूरकडून येणारा. मँडोलिनच्या पोटात फळबीळ काही नाही. लाकडाच्या पातळ पट्ट्या गरम करून वाकवायच्या आणि साच्यावर एकीला एक चिकटवत जायच्या. होडीसारखं काम. रोझवुड किंवा मेपल. साध्या वाद्याला पट्ट्या कमी आणि रुंद, भारी वाद्याला जास्त आणि अरुंद, काहींत तर प्रत्येक पट्टी बाहेरून कोरून पन्हळीसारखी केलेली. नखाने दाबून बघाल तर कळेल किती पातळ असते ते.

आणि खरी गंमत पोटात नाही, तबलीत, म्हणजे वरच्या लाकडी फळीत आहे. मँडोलिन आडवं धरा आणि डोळा तबलीच्या पातळीला आणा. घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात ती) जरा मागे तबली मोडल्यासारखी खाली वाकलेली दिसेल. ती मुद्दाम लाकूड तापवून वाकवलेली असते. तारा घोडीवरून जाऊन त्या वाकाच्या पलीकडे, पार शेपटाला अडकतात, त्यामुळे घोडीवर सरळ खाली दाब येतो आणि तबली पातळ ठेवूनही तग धरते. घोडी चिकटवलेली नसते, नुसती ताराच तिला धरून ठेवतात. आपल्या सतारीसारखंच.

हा घाट कालाचेंचा नव्हे. नेपल्सच्या पास्क्वाले विनाचा यांनी १८३५ च्या सुमारास जुनं मँडोलिन नव्याने बांधलं: स्टीलच्या तारा, खुंट्यांऐवजी दातेरी चाव्या, पडद्यांची लांब पट्टी, खोल पोट. त्याआधीच्या वाद्यात एवढा ताण पेलायची ताकद नव्हती. कालाचे घराण्याने तो घाट घेतला आणि मैफिलीसाठी घासूनपुसून पक्का केला. पडद्यांची पट्टी आवाजाच्या भोकावर पुढे येते आणि वरच्या तारेवर अगदी टोकाचे स्वर मिळतात, ते एकट्याने मंचावर बसून वाजवणाऱ्याला लागतात. साथीला वाजवणारा तिथे कधी जातच नाही.

खुंटीपिळ्या

मुजरा घ्या. भोपळा मागे घेतो, शीर्षकात राहू दे, आता बदलता येत नाही.

तुमच्यावरून आठवलं. पुण्यात परतल्यावर माझ्या मँडोलिनच्या तारा एका दुकानात बदलून घेतल्या. (वाद्य जुनं सुझुकी आहे. मारुतीवाली नव्हे, नागोयाची व्हायोलिनवाली सुझुकी.) दुकानदाराने अमेरिकन पद्धतीच्या जाड तारा चढवल्या, म्हणाला आवाज मोठा येईल. आला. पंधरा दिवसांनी घोडीखालची तबली बसल्यासारखी वाटली, वरच्या पडद्यांवर तारा खणखणायला लागल्या. आता त्या उतरवून ठेवल्यात. नेपल्सच्या घाटाला हलक्याच तारा लागतात हा धडा मी पैसे मोजून शिकलो.

कालमापक

मी प्रॉव्हिडन्सपासून अर्ध्या तासावर राहते, म्हणून अमेरिकेच्या बाजूने थोडं. धागाकर्त्याचा मुद्दा अर्धाच पटतो.

अमेरिकेत मँडोलिनचं वेड लागलं त्याची गोष्ट भन्नाट आहे. १८८० च्या सुरुवातीला न्यूयॉर्कला 'स्पॅनिश स्टुडंट्स' म्हणून एक ताफा आला. ते वाजवत बांदुरिया: सपाट पाठ, सहा जोड तारा. लोक वेडे झाले. ते बघून कार्लो कुर्ती नावाच्या इटालियन व्हायोलिनवादकाने न्यूयॉर्कमधले इटालियन वादक गोळा केले, त्यांना स्पॅनिश विद्यार्थ्यांचे कपडे घातले आणि हातात आपली नेपल्सची मँडोलिनं दिली. प्रेक्षकांना फरक कळला नाही. गावोगाव नकली स्पॅनिश ताफे निघाले आणि खऱ्या बांदुरियाऐवजी मँडोलिनच घरोघरी गेलं. कुर्ती पुढे मेक्सिकोला गेले आणि १८८४ मध्ये तिथे ओर्केस्ता तिपिका उभा केला. उद्योगी माणूस!

म्हणजे अमेरिकेत सुरुवातीला पोटवालंच होतं. मग मिशिगनमधल्या कलामाझूच्या ऑर्व्हिल गिब्सन यांनी व्हायोलिनसारखी लाकूड कोरून केलेली तबली आणली, १८९८ मध्ये पेटंट, १९०२ मध्ये कंपनी. कंपनीने गावोगावचे संगीतशिक्षकच एजंट नेमले, हप्त्याने वाद्यं दिली. गुरुजीच सांगतायत म्हटल्यावर शिष्य काय करणार? पोटवाल्याला लोक 'टेटरबग', म्हणजे बटाट्यावरचा किडा म्हणायला लागले. पुढे १९२० च्या दशकात गिब्सन कंपनीच्या लॉइड लोअर यांचं एफ-५ मॉडेल आलं. त्यातलंच १९२३ सालचं एक बिल मन्रो यांना मायामीत न्हाव्याच्या दुकानात दीडशे डॉलरला मिळालं आणि ब्लूग्रासचा, म्हणजे त्या अमेरिकन लोकसंगीताचा आवाज ठरून गेला.

मुद्दा हा, की अमेरिकेतही कालाचेंच्या तोडीचे इटालियन होते. आमच्या प्रॉव्हिडन्सचे जुझेप्पे पेत्तिने बघा. जन्म इटलीतल्या इझेर्नियाचा, आयुष्य इथे गेलं. वाजवत, शिकवत, पुस्तकं लिहीत. बॉस्टनच्या व्हेगा कंपनीने त्यांच्या नावाचं पोटवालं मॉडेल काढलं होतं, 'पेत्तिने स्पेशल'. ते शेवटपर्यंत पोटवाल्याशी इमान राखून राहिले. त्यांच्या शिष्याने सुरू केलेला मँडोलिन ऑर्केस्ट्रा गावात अजून आहे. तरी पोट गेलंच ना? एक थोर वादक घाट टिकवू शकत नाही. मग जपानात काही महिन्यांसाठी आलेल्या कालाचेंना एवढं श्रेय कसं?

शिवाय त्यांच्याआधीच जपानात मँडोलिन रुजलं होतं. हिरुमा केनपाची यांनी १९०१ मध्ये युरोपातून मँडोलिन आणलं. केइओ विद्यापीठाचा क्लब १९१० चा. १९११ पासून अदोल्फो सार्कोली टोकियोत होते. मूळचे सिएनाचे, पेशाने ऑपेराचे टेनर, गाणं शिकवत, सोबत मँडोलिन आणि गिटारही. ते १९३६ मध्ये टोकियोतच वारले. पंचवीस वर्षं तिथे राहणारा गुरू मोठा की पाहुणा?

खुंटीपिळ्या

@कालमापक, जबरदस्त. सार्कोलींना मी एका ओळीचीही जागा दिली नाही, ही माझी चूक. जमीन त्यांनी नांगरली यात वाद नाही. मायेबाशीचे कवी हागिवारा साकुतारो, आधुनिक जपानी कवितेतलं मोठं नाव, तेही सार्कोलींकडे मँडोलिन शिकले आणि मग आपल्या गावात त्यांनी मंडळ काढलं. आपल्याकडे मर्ढेकरांनी क्लॅरिनेट क्लब काढल्यासारखं.

पण पाहुण्याचं वजन मी तरीही कमी धरणार नाही. शिकलेले शेदोनशे लोक तयार असताना पाहुणा आला, म्हणूनच त्याचा परिणाम खोल गेला. तोवर लोकांकडे वाद्यं होती, गुरू होते, क्लब होते. हे वाद्य एकट्याने मंचावर बसून किती दूर जाऊ शकतं, हे समोर बसून ऐकलेलं नव्हतं. कालाचेंनी ते स्वतः लिहिलेल्या रचनांतून दाखवलं, आणि तेही आपल्याच घराण्याच्या वाद्यांवर. त्यांचे प्रेल्यूड जाड तारांच्या सपाट वाद्यावर वाजवून बघा, श्वास कोंडतो. रचना हव्या असतील तर घाट हवाच.

पेत्तिनेंबद्दल तुमचं बरोबर, आणि त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. अमेरिकेत बाजार कंपनीच्या हातात होता. जपानात तो क्लबांच्या हातात राहिला. बॅरन ताकेई मोरिशिगे, राजघराण्याच्या खात्यात नोकरी, त्यांनी स्वतःच्या नावाचा ऑर्केस्ट्रा उभा केला, इटलीहून स्वरलिप्या जमवल्या, रचना-स्पर्धा घेतल्या. मेइजी विद्यापीठाचा क्लब १९२३ चा, त्याच्या संस्थापकांत कोगा मासाओ होते, जे पुढे जपानी लोकप्रिय गाण्यांचे बादशहा झाले. क्लबात दरवर्षी नवी पोरं येतात, सीनियरचं वाद्य बघतात, तसंच घेतात. सीनियरच्या सीनियरकडे कालाचे होतं किंवा कालाचेंवरून घडवलेलं जपानी. म्हणून घाट वाहत आला.

मांडवीकाठ

आमच्या पणजीच्या घरात एक मांडोलीन होतं, आजोबांचं, सपाट पाठीचं, बहुधा पोर्तुगीज घाटाचं. संध्याकाळी लाडीन (ख्रिस्ती प्रार्थना) झाल्यावर ते वाजवत. पोटवालं मी प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही.
मला एक विचारायचं होतं. एकट्या मँडोलिनसाठी प्रेल्यूड म्हणता, मग साथ कोण करतं? नुसती सूर काढणारी तार किती वेळ ऐकणार?

घोडी_आणि_जवारी

@मांडवीकाठ, तीच तर करामत. तार छेडली की सूर लगेच विरतो, म्हणून पिक वरखाली झरझर फिरवून सूर लांबवतात, तो ट्रेमोलो. लोक त्याला आपल्या सतारीवरच्या झाल्यासारखा समजतात, पण झाल्यात आघात मोजून ऐकायचे असतात आणि ट्रेमोलोत आघात ऐकूच यायला नको. गळ्यातून आल्यासारखा अखंड सूर वाटला तर हात बसला म्हणायचं.

आता वरच्या तारेवर हा अखंड सूर चालू ठेवून, मधल्या एखाद्या क्षणी पिक खाली टाकायचं, खालच्या तारांवर साथीचे दोन स्वर उचलायचे आणि सूर तुटल्याचं कानाला कळायच्या आत वर परत यायचं. ऐकणाऱ्याला वाटतं दोघे वाजवतायत. याला डुओ स्टाइल म्हणतात. पेत्तिनेंनीही यावर खास लिहिलंय. डोळे मिटून ऐका, कान फसतो. डोळे उघडून बघितलं तर मनगट किती थोडं हलतं ते बघून जास्त चकित व्हाल.

सज्जादचा_शेजारी

सगळं ठीक, पण मँडोलिनचा धागा आणि सज्जाद हुसेन यांचं नाव नाही? पडद्यांच्या वाद्यावर तार खेचून मींड काढणारा तो माणूस! आणि आपले लक्ष्मीकांत कुडाळकर? संगीतकार होण्याआधी पोरवयात मँडोलिनवरच पोट भरत होते. कालाचेंनी हे ऐकलं असतं तर काय म्हणाले असते?

खुंटीपिळ्या

@सज्जादचा_शेजारी, नाव घ्यायलाच हवं, पण वेगळ्या धाग्यावर. त्या दोघांचा कालाचेंशी काही संबंध जोडायला मी जाणार नाही. आपल्याकडे मँडोलिन आलं आणि आपण त्याला आपलं गाणं शिकवलं. कालाचेंचं वाद्य सूर एका जागी धरून तो फुलवायला बांधलंय, सज्जादसाहेबांना तो वाकवायचा होता. तुम्ही धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

ऱ्हाईनकाठी

जर्मनीतून हजेरी. इथेही मँडोलिन ऑर्केस्ट्रे ढिगाने आहेत आणि इथेही पोटवालीच, पण आवाज वेगळा. वुपर्टालच्या मार्गा विल्डेन-ह्युस्गेन या प्राध्यापिकेने वाद्यकारांना सोबत घेऊन वेगळं मॉडेल घडवलं, खोल पोट, गडद, गोल सूर. इटालियन वाद्य त्यापुढे चमचमीत वाटतं. माझी बायको आमच्या गावच्या ऑर्केस्ट्रात मँडोला वाजवते. ती म्हणते जर्मन वाद्य म्हणजे वरणभात, इटालियन म्हणजे झणझणीत मिसळ. जपान्यांनी मिसळच ठेवली.
अवांतर: इथले ऑर्केस्ट्रे आता कोबेच्या कुवाहारा यासुओ (१९४६–२००३) यांच्या रचना हौसेने वाजवतात. उलट दिशेनेही चाललंय म्हणजे.

कालमापक

@खुंटीपिळ्या, क्लबांचा मुद्दा मान्य. 'कालाचेंमुळे टिकलं' याऐवजी 'कालाचेंवर येऊन थांबलं' असं म्हटलंत तर माझी तक्रार नाही. आणि ते लिउतो वाजवत त्याबद्दल लिहा ना. मला त्यांच्या मँडोलिनपेक्षा ते जास्त आवडतं.

खुंटीपिळ्या

@कालमापक, 'येऊन थांबलं' चालेल. घेतो.

लिउतो कांताबिले म्हणजे मँडोचेलोला वर एक जादा जोड तार. पाच जोड तारा, खालून सा-प चालीने: सी, जी, डी, ए, ई. चेलोच्या चारही तारा आहेत, आणि वर व्हायोलिनच्या वरच्या तारेपेक्षा एक सप्तक खालची ई. मांडीवर घेतलं की अर्धा माणूस झाकतो. कालाचेंनी स्वतः वाजवलेल्या जुन्या तबकड्या नेटवर सापडतात, खरखर भरपूर. पण खालच्या तारेवरचा ट्रेमोलो सुरू होतो तेव्हा एखादा म्हातारा गवई खर्ज लावतोय असं वाटतं. मी रात्री हेडफोन लावून ऐकत होतो, बायको म्हणाली कोण रडतंय.

तिसरा_मजला

नमस्कार, नवीन सदस्य. गिरगावातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक पोटवालं मँडोलिन सापडलंय. आत डोकावलं तर पिवळा कागद चिकटवलेला, वाळवीने खाल्लेला, शेवटी फक्त '…नापोली' वाचता येतं. आठातल्या पाच तारा जागेवर आहेत, गंजलेल्या. हे कालाचे असू शकेल का? किंमत किती येईल?

घोडी_आणि_जवारी

@तिसरा_मजला, नुसत्या 'नापोली'वर जाऊ नका. त्या काळी सिसिलीतल्या कातानियात स्वस्त मँडोलिनं ढिगाने बनत आणि जगभर जात, आणि कागद काय, कुणीही छापतो. पाठीच्या पट्ट्या मोजा. टॉर्च तिरका मारून त्या बाहेरून सपाट आहेत की कोरलेल्या ते बघा. दांडी सरळ आहे का, तबली घोडीपाशी बसली आहे का, तिथे फट आहे का, हेही. मागचे, पुढचे आणि चाव्यांचे फोटो टाका, मग बोलू.

पण त्याआधी त्या पाचही तारा आजच सैल करा. एकदम नको, एकेक चावी अर्धा-अर्धा फेरा. आणि घोडी निसटली तर ती कुठे होती तिथे तबलीवर फिकट खूण दिसेल, ती पुसू नका.